रिव्हर्स राहिला, सबब हे पत्र

तीर्थरूप दादांच्या चरणी नमस्कार. (वाकून केलेला नाही, कारण एक पाय क्लचवर आहे आणि दुसरा ब्रेकवर. गाडी बंद आहे, हँडब्रेक ओढलेला आहे, चाकाखाली दगडही लावला आहे, तरी पाय काढायचा धीर होत नाही. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.)

तब्येत कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? आम्ही दोघं मजेत आहोत. म्हणजे ही मजेत आहे. मला छातीत धडधडतं, तळहात ओले होतात, आणि लाल दिवा दिसला की तो हिरवा होईल या धास्तीने मी हँडब्रेक ओढून बसतो. हिच्या मते मला काहीही झालेलं नाही.

वर्षभराची हकीकत सांगायची राहिली आहे, ती सविस्तर लिहितो. गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की तुमच्या डोळ्यांना समोरचं दिसतं पण कडेचं दिसत नाही, तेव्हा गाडी बंद. त्याच संध्याकाळी तुम्ही ड्रायव्हिंग स्कूलला कुलूप घातलंत आणि किल्ली माझ्या हातात कोंबलीत. अर्धं शहर जिच्यावर शिकलं ती गाडी, दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली, माझ्यासारख्या घाबरटाकडे आली. तेव्हा माझं शिक्षण चालूच होतं. क्लच झाला होता, गिअर झाले होते, चढावर गाडी थांबवून उचलणं झालं होतं (माझं रडणंही झालं होतं). रिव्हर्स सोमवारी घेऊ, असं तुम्ही म्हणाला होतात. तो सोमवार आलाच नाही. थोडक्यात, दादा, मला फक्त पुढे जाता येतं.

हे हिला सांगितलं तर म्हणाली, मग पुढेच जाऊ. जन्मभर औषधांच्या दुकानात उभे राहून बाटल्यांवरची लेबलं दोनदोनदा वाचलीत, आता एक वर्ष निवांत फिरू, बागा बघू, जुन्या माणसांना भेटू. निवांत हा शब्द हिचा. पहिल्याच सहलीला आम्ही कोपऱ्यावरच्या चौकातून दोनदा घरी परतलो. एकदा गॅस बंद आहे का ते बघायला, आणि दुसऱ्यांदा, गॅस बघायला उघडलेलं कुलूप पुन्हा लावलं का ते बघायला. चौकात मध्ये गोल कारंजं आहे म्हणून वळता तरी आलं, नाहीतर गॅस चालू आहे असं समजूनच पुढे जावं लागलं असतं.

तेव्हापासून आमची सगळी भ्रमंती एकाच तत्त्वावर चालते: जिथून मागे यावं लागेल तिथे जायचं नाही. गुलाबांची बाग छान, कारण आत शिरायचं दार वेगळं आणि बाहेर पडायचं वेगळं. तळ्याकाठची बाग त्याहून सुंदर म्हणतात, पण तिथे गाड्या भिंतीला नाक लावून उभ्या करतात, म्हणून ती आम्ही चालत्या गाडीतून पाहिली, तीन फेऱ्या मारून. मित्रांचंही तेच. आपला फोटोग्राफर पूर्वी मला फारसा आवडत नसे, पण त्याच्या घराला पुढे एक रस्ता आणि मागे एक रस्ता आहे, त्यामुळे यंदा त्याच्याकडे आम्ही इतक्यांदा गेलो की त्याला शंका आली. उलट गोट्या, माझा बालमित्र, राहतो बंद गल्लीच्या टोकाला. त्याला फोन करून गल्लीच्या तोंडाशी बोलावलं. बिचाऱ्याने खुर्च्या आणल्या, चहा आणला, आणि रस्त्याच्या कडेला बसून आम्ही शाळेच्या आठवणी काढल्या. दोन अनोळखी माणसं काही विक्रीला आहे का म्हणून विचारून गेली.

आता ब्रेकबद्दल. तुमच्या बाजूचा तो दुसरा ब्रेक हिच्या पायाशी आला आहे. मी चुकलो की तो दाबायचा, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात ही फूल दिसलं की तो दाबते. कुणाच्या कुंपणावर जरा वेल चढलेली दिसली की खाड्‌कन गाडी थांबते, माझं कपाळ स्टेअरिंगला, आणि मागे हॉर्नचा कल्लोळ. (हिचा प्रश्न: हा रंग आपल्या खिडकीत कसा दिसेल?) मागच्या काचेवर तुमच्या स्कूलचं नाव आणि तुमचा फोन नंबर अजून आहे. तो खरवडायला गेलो होतो, पण हात धजला नाही. परिणामी तक्रारी तुमच्याकडे जातात, हे मला वहिनींकडून उशिरा कळलं. पण वहिनी पुढे म्हणाल्या की तुम्ही कुणाचाच फोन घेत नाही, फक्त हेच घेता. आणि शिव्या पूर्ण ऐकून घेऊन विचारता, तो आरसा बघत होता का? मग थोडा वेळ स्वतःशीच पुटपुटत फिरता. दादा, हे कळल्यापासून मी मुद्दामच जरा आणखी हळू चालवू लागलो.

टेकडीवरच्या बागेत मात्र फजिती झाली. मी अशी जागा निवडली होती की समोरची गाडी निघाली की सरळ पुढे. ती गाडी निघाली तेव्हा अंधार पडला होता; ती बागेच्या मुख्य माळ्याची होती आणि तो बाग बंद करूनच घरी जातो. ही आत कलमं कशी बांधतात ते बघत हिंडली. मी त्या रिकाम्या आवारात दुपारभर गाडीतच बसून होतो. दुसरं काहीही केलं नाही. (ही काही वेगळं सांगेल. तिच्यावर विश्वास ठेवू नये.)

आणि जिथे जावं तिथे एकच प्रश्न: दादा कुठे? आमच्यात सगळ्यांनाच तुम्ही गाडी शिकवली आहे. फोटोग्राफर अजून चढावर तुमची शिवी म्हणतो आणि मगच क्लच सोडतो. मी सांगतो की दादा डोळ्यांना जरा आराम देताहेत. खरं सांगत नाही. खरं म्हणजे तुम्ही वर्षभर घराचा जिना उतरलेला नाही. खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवता. मी बसने आलो तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग केलंत (जागा माणूस असं घोरत नाही आणि झोपलेलाही नाही). मन चिंती ते वैरी न चिंती, हे माझ्याबाबत खरं आहे, कबूल. पण दादा, मला भीती वाटते. गॅसची, कुलपाची, उताराची वाटते ती वेगळी. त्यासाठी चौकातून परत जाऊन बघून येता येतं. ही तशी नाही.

असो. पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार, थेंब विसरू नका, आणि चूकभूल पोटात घालून आशीर्वाद असू द्यावा.

तुमचा,
धाकटा

ता.क. पाकिटावर तिकीट नाही म्हणून नवल करू नका. ते टपालाने आलेलं नाही. आम्ही तुमच्या गल्लीत आहोत. वर्षभर हीच एक गल्ली टाळली, कारण ती तुमच्या दाराशी संपते. आता गाडीचं नाक भिंतीला लागलं आहे आणि मला रिव्हर्स येत नाही. मघापासून जो हॉर्न ऐकू येतोय तो आमच्यासाठीच आहे. मागे कोणीतरी गाडी आणून लावली आहे, फारच तापट माणूस दिसतो, माझ्या पाठीला घाम सुटला आहे. तुम्ही खाली आल्याखेरीज सुटका नाही.

ता.क. २. डोळ्यांची सबब सांगू नका. शिकवताना तुम्ही रस्त्याकडे कधी बघत होतात? माझ्या पायांकडे बघायचात आणि इंजिनाकडे कान द्यायचात. तुमची बाजू रिकामी केली आहे. ही मागे बसेल.

ता.क. ३. येणारच नसाल तर खिडकीतून एक पांघरूण टाकावं. मी इथेच राहीन.

(खालचा मजकूर माझा आहे. जिन्यात बसून लिहितेय, अक्षराला हसू नका.)

भाऊजी, नमस्कार. यांना रिव्हर्स येतं. त्या टेकडीवरच्या बागेत दुपारभर यांनी गाडी मागे घेतली, पुढे नेली, पुन्हा मागे घेतली. एका झाडालासुद्धा धक्का नाही. मी टाळ्या वाजवल्या तर मलाच रागावले. म्हणाले, दादांना कळता कामा नये, तेवढा एकच धडा त्यांच्याकडे उरलाय.

मागे हॉर्न वाजवणारा तापट माणूस म्हणजे तुमचा फोटोग्राफर, शेजारी गोट्याभाऊजी. मी बोलावलंय. यांना अजून पत्ता नाही, कारण इतका वेळ झाला तरी यांनी आरसा बघितलेला नाही. आता तुम्हीच खाली येऊन काय ते बोला.

वहिनींनी दार उघडंच ठेवलंय. चपला शोधू नका. मी त्या उंबऱ्याबाहेर ठेवल्या आहेत, जिन्याकडे तोंड करून.