उजेड बरा असेल तेव्हा

मेटेगन, नोव्हा स्कोशिया
९ सप्टेंबर २००७

ति. अँसेल्मकाकांना,
शि. सा. न. वि. वि.

चार वर्षांत नाताळच्या छापील कार्डापलीकडे एक ओळ लिहिली नाही आणि आता घोडं अडल्यावर काका आठवले, असं म्हणाल तर मान खाली घालून ऐकून घेईन. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, कॉम्प्युटरला तुम्ही घरात पाऊल ठेवू देत नाही, तेव्हा पेन शोधून काढलं.

बाबांनी शेवंडं पकडायचा परवाना विकला. कंबर साथ देत नाही म्हणतात. नोव्हेंबरच्या अखेरीला सुरू होणारा हंगाम त्यांचा शेवटचा. मे संपला की 'रोझ-एमे' दुसऱ्याची. आई तर गेलीच, आता तिच्या नावाची बोटही परका माणूस हाकणार, हे ते इतक्या शांतपणे सांगतात की मलाच उठून चहा ठेवायला जावं लागतं.

मला त्यांचे फोटो काढायचे आहेत. निदान पिंजरे टाकायला बोटी निघतात त्या पहिल्या पहाटेचे तरी. घरात बाबांचा धड फोटो नाही. लग्नाच्या फोटोत डोळे मिटलेले, त्यानंतरच्या सगळ्यांत पाठमोरे. बाबांना विचारलं, तर म्हणाले, काढ की, पण मी कुठे उभाबिभा राहणार नाही.

लेन्स बदलता येते तसा डिजिटल एसएलआर घ्यायचा आहे. मासळीच्या कारखान्यात उन्हाळाभर जादा पाळ्या करून सहाशे डॉलर जमवलेत, त्याच्या वर एक सेंट नाही. यार्मथच्या दुकानात सहा मेगापिक्सेलचा एक आहे, लेन्ससकट पाचशे ऐंशीला. तुम्ही चाळीस वर्षं वर्तमानपत्रासाठी फोटो काढलेत. घेऊ का, एवढंच सांगा.

तब्येतीला जपा, आणि माझ्यावरचा लोभ कार्डापुरता ठेवू नका.

आपली,
जिनेट


सडबरी, ऑन्टॅरिओ
१८ सप्टेंबर २००७

चि. जिनेट हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं. एका ओळीत उत्तर मागतेस, म्हणजे तू अगदी थिओची मुलगी. तोही लहानपणी प्रश्न विचारून उत्तर यायच्या आत दाराबाहेर असायचा.

बाई, कॅमेरा म्हणजे नुसता डबा. पैसे घालायचे ते लेन्सवर. दुकानदार डब्याबरोबर जी लेन्स देतो तिचं तोंड लहान, उजेड कमी घेते. नोव्हेंबरातली पहाट, धक्क्यावर चार पिवळे दिवे, आणि बाप एका जागी उभा न राहणारा. सगळे फोटो हललेले येतील, मग मला नावं ठेवशील. पन्नास मिलिमीटरची, मोठ्या तोंडाची साधी लेन्स मिळते का बघ. महाग नसते.

आणि न हाताळता काही घेऊ नकोस. यार्मथला पुन्हा जा. तू चष्मा लावतेस, तर डोळा लावल्यावर चारही कोपरे दिसतात का? मूठ नीट बसते का? खटका दाबल्यावर आवाज कसा येतो? सगळं सविस्तर लिही, घाई करू नकोस. थिओचं कसं चाललंय तेही लिही. रविवारी अजून किसलेल्या बटाट्याचा रापूर होतो का घरात, की किसणीला गंज चढला? इथे बटाटा किसायला सांगितला तर लोक वेड्यात काढतात.

तुझ्या पत्राच्या वाटेवर डोळे ठेवून,
अँसेल्मकाका


मेटेगन
७ ऑक्टोबर २००७

ति. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या हुकमाप्रमाणे यार्मथला जाऊन आले. चारांपैकी तीन कोपरे दिसतात, चौथ्यासाठी नाक वाकडं करावं लागतं. मूठ बसते. खटक्याचा आवाज विचारलात म्हणून दहा वेळा दाबून ऐकला. दुकानदार मला बघून आत निघून गेला. आवाज जुन्या फ्रिजचं दार लावल्यासारखा आहे. पास की नापास?

रापूर दर रविवारी होतो. मी किसते, बाबा पिळतात आणि माझं कोंबडीचं पाणी पातळ झालं म्हणून कुरकुर करतात. तुमचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा हसले. म्हणाले, त्याला सांग, किसणी त्याच्यापेक्षा जास्त कामाची आहे.

आता मोठी बातमी. डिग्बीत लग्नांचे फोटो काढणारे एक गृहस्थ धंदा बंद करताहेत. त्यांचा दोन वर्षं वापरलेला कॅमेरा पाचशे वीसला आहे, आणि त्याबरोबर तुम्ही म्हणता तीच पन्नासची लेन्स. हातात घेतला तो खाली ठेववेना. त्यांच्या अंधाऱ्या कोठीत त्यांच्या मांजरीचा फोटो काढला, तर मिशीचा केस न् केस दिसतो. मला हाच हवाय, काका. फक्त हो म्हणा.

लोभ आहेच, तो पत्राच्या जाडीवरून मोजू नये.

आपली,
जिनेट


सडबरी
१५ ऑक्टोबर २००७

चि. जिनेट हिस,
अ. उ. आ.

मांजरीच्या मिशीवर भाळून कॅमेरा घेणारी तू पहिलीच. लग्नवाल्याचा कॅमेरा म्हणजे टॅक्सीचं इंजिन, बाहेरून चकचकीत, आतून दमलेलं. एका लग्नात हजारभर वेळा खटका दाबतात. एकूण किती वेळा दाबलाय, त्याला विचार. मग एका पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून बघ, आतल्या काचेवर धूळ असेल तर ठिपके दिसतील. जो सौदा लाखात एक वाटतो तिथेच माणूस फसतो.

मला उत्तर कळव, मग सांगतो. किसणीचा निरोप पोचला. थिओला म्हणावं, त्या किसणीने तुझं बोट कापलं तेव्हा रडत माझ्याकडेच आला होतास. तुझी काकू बर्नाडेट गेल्यापासून मी स्वयंपाक डब्यातलाच खातो, तरी पत्र वाचताना तोंडाला पाणी सुटलं.

आशीर्वाद नेहमीचेच, पत्राची घाई मात्र जास्त.

अँसेल्मकाका


मेटेगन
३ नोव्हेंबर २००७

ति. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे प्रश्न घेऊन डिग्बीला गेले. खटका चौदा हजार वेळा दाबलाय. गृहस्थ म्हणाले, भिंतीवर एकही ठिपका येत नाही. पण कॅमेराही नाही. आदल्याच दिवशी हॅलिफॅक्सहून कोणी आलं, काही न विचारता पैसे मोजले आणि घेऊन गेलं. मला राग आला आहे, पण कोणावर ते ठरत नाही.

दहा मेगापिक्सेलचा नवा सातशेच्या घरात आहे, तो विसरायचा. यार्मथचा सहावाला अजून कपाटात आहे. तीन आठवड्यांवर हंगाम आला. बाबांनी पिंजऱ्यांना नवी दोरी लावायला घेतली आहे. काका, हललेले तर हललेले, घेऊन टाकू का?

उत्तर लवकर धाडा. लोभाचं नंतर बघू.

आपली,
जिनेट


सडबरी
११ नोव्हेंबर २००७

चि. जिनेट हिस,
अ. उ. आ.

रागावू नकोस, सगळा राग माझ्या नावावर टाक. पण आता शांतपणे ऐक. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सगळीकडे सेल लागतात. दहावाला तेव्हा सहाशेच्या आत येईल, असा माझा चाळीस वर्षांचा अंदाज आहे. महिन्याभरासाठी जुना डबा गळ्यात बांधून घेणं शहाणपणाचं नाही.

पहिल्या पहाटेचं म्हणशील, तर त्या दिवशी अंधार, पाऊस आणि पिंजऱ्यांचा ढीग. माणूस दिसतच नाही. त्यापेक्षा ३१ मेला पिंजरे परत येतात तो दिवस धर. चार वाजताचं ऊन, धक्क्यावर निवांत बसलेला थिओ, मागे रिकामी बोट. मी असतो तर तोच फोटो काढला असता. उजेड बरा असेल तेव्हाच काढावा.

पहिल्या दिवशी नुसतं बघ आणि मला लिही. मी ती पहाट बेचाळीस वर्षांत पाहिली नाही.

अँसेल्मकाका


मेटेगन
२ डिसेंबर २००७

ति. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. कॅमेरा घेतला नाही.

२६ तारखेला पहाटे साडेपाचला सगळं गाव धक्क्यावर होतं. पाऊस नव्हता. पाद्रीबाबांनी बोटींवर पाणी शिंपडलं, बायकांनी थर्मासमधून कॉफी वाटली. सगळं बघून लिही म्हणालात, म्हणून लिहिते. बाबांनी दाढी केली होती. समुद्रावर जाताना इथे कोणी दाढी करत नाही, तुम्हाला माहीत आहे. आईने विणलेला निळा स्वेटर ट्रंकेतून काढून घातला होता. मी म्हटलं, खाऱ्या पाण्याने खराब होईल. ते माझ्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, यंत्र कुठंय तुझं? मी सांगितलं, मेमध्ये उजेड चांगला असतो असं काका म्हणतात. म्हणाले, अँसेल्मला पहिल्यापासून उजेडाचं वेड. आणि बोटीवर चढले.

बोट वळेपर्यंत मागच्या कठड्याला उभे होते. एरवी असे उभे राहत नाहीत.

नाताळच्या शुभेच्छा आत्ताच देते, या वेळी कार्ड नाही.

आपली,
जिनेट


सडबरी
१४ जानेवारी २००८

चि. जिनेट हिस,
अ. उ. आ.

सेलमध्ये चाळीसच डॉलर उतरले हे तुझ्या नाताळनंतरच्या चिठ्ठीत वाचून वाईट वाटलं, पण हातपाय गाळू नकोस. या महिन्यात नवी मॉडेल्स जाहीर होतील, मग जुन्यांना कोणी विचारणार नाही. मार्चमध्ये स्वस्तात मिळेल. मे अजून लांब आहे.

तुझं धक्क्याचं पत्र चार वेळा वाचलं. यंदा पकड कशी आहे, थिओची कंबर कशी आहे, सगळं लिही. एक पान कमी पडलं तर दुसरं घे.

अँसेल्मकाका


मेटेगन
२० फेब्रुवारी २००८

ति. काकांना,
नमस्कार.

तुमच्या शेजारणीकडे फोन केला होता, तिच्याकडून तुम्हाला कळलंच असेल. मंगळवारी १२ तारखेला बाबा समुद्रावरून परत आले, बोट बांधली, दोरीची गाठ पुरी केली आणि धक्क्यावरच बसले. लोकांना वाटलं, कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, हृदय. शनिवारी पुरलं. बर्फामुळे तुम्हाला निघता आलं नाही, असा निरोप मिळाला.

चर्चमध्ये ठेवायला फोटो हवा होता. आम्ही सगळे ड्रॉवर उपसले. शेवटी मासेमारीच्या परवान्यावरचा मोठा करून घेतला. त्यात ते पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात. लोक जवळ येऊन बघत होते आणि पुढे जात होते.

जिनेट


सडबरी
१६ मार्च २००८

चि. जिनेट हिस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

बर्फाचं खोटं सांगितलं. रस्ता गुरुवारीच मोकळा झाला होता. तुझ्यासमोर यायची माझी छाती नव्हती, आणि का नव्हती ते तुला कळायला हवं.

यार्मथचा कॅमेरा चांगला होता. तुझं पहिलं पत्र वाचतानाच मला ते माहीत होतं. त्याहून कितीतरी रद्दी डबा घेऊन मी खाणीच्या दारात रात्रपाळीच्या माणसांचे फोटो काढलेत, आणि ते पहिल्या पानावर आलेत. चार पिवळे दिवे पुष्कळ झाले असते. डिग्बीचा तर तू डोळे मिटून घ्यायला हवा होतास. मी पत्र वाचलं तेव्हा स्वतःशी म्हणालो, पोरीने बाजी मारली. आणि कागद घेऊन तुला टॅक्सीच्या इंजिनाची गोष्ट लिहिली.

बर्नाडेट जाऊन तीन वर्षं झाली. माझ्या पेटीत विजेचं बिल येतं आणि चष्म्याच्या दुकानाची जाहिरात. मग तुझं पत्र आलं, त्यात थिओ होता, किसणी होती, धक्का होता. मी 'हो' लिहिलं असतं, तर तू 'आभारी आहे' लिहिलं असतंस आणि सगळं तिथेच संपलं असतं. म्हणून दर वेळी एक खोड काढली. धूळ, खटका, सेल, उजेड. तू बिचारी दर वेळी चाळीस मैल जाऊन बघून यायचीस आणि मला लिहायचीस. तुझं पत्र आलं की मी दाढी करून वाचायला बसायचो.

त्याने स्वेटर काढून घातला होता. हे वाचल्यावरही मी तुला मार्चपर्यंत थांब म्हणून लिहिलं.

माझा एकुलता एक भाऊ. दोनदा मी तिकडे आलो, दोन्ही वेळा कॅमेरा पिशवीतच राहिला, सुट्टीवर आलोय म्हणून. मी हजारो अनोळखी माणसांचे फोटो काढले.

क्षमा मागत नाही. तुला लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस.

अँसेल्म


मेटेगन
६ एप्रिल २००८

ति. काकांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते शेगडीत टाकायला निघाले होते. दोन आठवडे ते फ्रिजवर पालथं पडून होतं. राग गेलेला नाही आणि गेला असं खोटं लिहिणार नाही, आपल्यात खोटं पुरेसं झालं.

कॅमेरा घेतला नाही. ते सहाशे डॉलर बाबांच्या थडग्याच्या दगडाला दिले. दगडवाल्याने विचारलं, फोटो बसवायचा का, हल्ली बसवतात. मी नको म्हटलं. परवान्यावरचा तो चेहरा मला पावसापाण्यात ठेवायचा नव्हता.

सगळं तुमच्यावर ढकलणंही बरोबर नाही. चार वर्षं छापील कार्डं मीच पाठवली. खाली सही करायची आणि पाकीट चिकटवायचं, एवढंच. बाबा दर नाताळला विचारायचे, अँसेल्मला काय लिहिलंस, आणि मी म्हणायचे, सगळं छान आहे असं लिहिलं. आणि त्या पहाटे त्यांनी यंत्राचं विचारलं तेव्हा, शेजारी कोणाकडे तरी साधा कॅमेरा असेलच, तो मागून आणावा, हे मलाही सुचलं नाही. मी तुमच्या उजेडाची वाट बघत होते.

'रोझ-एमे' ३१ मेला पिंजरे घेऊन परत येईल, नवा मालक आणणार आहे. यायचं असेल तर या. रविवार नसला तरी रापूर करीन. बटाटे पिळायला आता कोणी नाही, तुम्हाला पिळावे लागतील. कॅमेरा आणू नका.

एक मात्र लिहायलाच हवं, ते लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही. पत्रासाठी तुम्हाला खोड काढायची गरज नव्हती, काका. पहिल्याच पत्रात 'कॅमेरा घे, आणि लिहीत जा' एवढं म्हटलं असतं, तरी मी लिहिलं असतं. बाबांचा फोटो काढून पहिला तुम्हालाच पाठवला असता.

लोभ असू द्या. माझा यायला थोडे दिवस लागतील.

आपली,
जिनेट