मिरजगावहून मागे

रविवार, संध्याकाळ

आज सायकलवर एकटाच मिरजगावला जाऊन आलो. सकाळी भिंगारच्या जुन्या पेठेत आमच्या शेजारच्या काकू भेटल्या. "एवढ्या लांब सायकलनं? ताईकडं चाललास व्हय?" उगाच फाटे नकोत म्हणून हो म्हटलं.

मिरजगावात स्टँडवर चहा प्यायलो आणि मागे फिरलो. ताईचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. पण सायकलच्या त्या तंग चड्डीत तिच्या सासऱ्यांसमोर कसं जायचं? कारण पुरेसं आहे. आहे ना?

घरी आलो, अंघोळ केली, तोच ताईचा फोन.

"काकूंनी सकाळीच कळवलं. शेंगोळे केलेत. मी अजून जेवले न्हाई."

"पंक्चर झालीय," तोंडून निघून गेलं.

"मग कुठं थांबलायस? यांना टेम्पो घेऊन धाडते."

चड्डी समोर दोरीवर वाळत होती.