देवमासा आणि पाची

गुरुजी, शाळेमागच्या विहिरीच्या पायऱ्यांवर अजून पाची येते. काल नात मला तिथं घेऊन गेली, म्हणून लिहायला बसलोय.

त्या दिवशी कवितेत समुद्र आला आणि तुमच्या ध्यानात आलं, की वर्गात समुद्र कुणीच पाहिलेला नाही; तुम्हीसुद्धा नाही. मग तुम्ही मोटेचा नाडा मागवलात, फाटकापासून विहिरीपर्यंत पसरलात आणि म्हणालात, "हा निळा देवमासा. जगात ह्याच्याहून मोठं जनावर न्हाई." कुणीतरी विचारलं, "गुरुजी, आमच्या घरी मासा चालत न्हाई. देवमासा चालंल का?" सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच हसलात. मी शेपटीशी, विहिरीच्या काठावर उभा, खाली बघतोय. "ए शेपटीवाल्या, तिकडं काय बघायलास?" "पाची, गुरुजी." "पाची? कोण पाची? पांडव व्हय?" वर्ग खदखदून हसला. तुम्ही उदगीरकडचे, आमच्या घरात कानडी. त्या हिरव्या मखमलीला अख्खं जग पाचीच म्हणतं, असं मी समजून होतो. माझे कान तापले. पण तुम्ही धोतर सावरत खाली उतरलात, ओल्या पायरीवर गुडघे टेकलेत, चष्मा काढून तिच्यावर धरलात. "अरे, जंगल हाय की हे!" मलाही दाखवलंत: केसासारखे देठ, टोकाला मोहरीहून बारीक डब्या. "उद्या लिहून आण, देवमासा मोठा का तुझी पाची." दुसऱ्या दिवशी मी वही हरवली म्हणालो. तुम्ही छडी उचललीत, परत ठेवलीत. "वही हरवू दे. डोळे हरवू नको." पुढं तुमची बदली झाली, आणि काही वर्षांनी तुम्ही गेल्याची नुसती बातमी आली.

नात कडगंचीच्या विद्यापीठात झाडापानांचं शिकते. काल पायरीवर बसून सांगत होती, "अज्जा, हिला मूळ न्हाई, फूल न्हाई. वाळून मेल्यागत दिसती, पण थेंब पडला की उठती." मी ओंजळभर पाणी शिंपडलं. बघता बघता करडी पाची हिरवी झाली. मग तिनं मोबाईलवर देवमाशाची हाक ऐकवली, विहीर घुमली. एवढा थोरला जीव, पण काठावर आला तर स्वतःच्याच वजनानं दबून मरतो म्हणे. त्याला अख्खा समुद्र लागतो. माझं आयुष्य भालकीच्या बाजारात आणि पाठ केलेल्या कवितांत गेलं, समुद्र राहूनच गेला; पण थेंबाथेंबावर छान भागलं, गुरुजी.

वही हरवली नव्हती. दप्तरातच होती. उत्तरही सुचलं होतं: देवमासा मोजायला नाडा पुरला, हिला बघायला गुरुजींना गुडघे टेकावे लागले. फक्त पाचीला मराठीत काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं, आणि पुन्हा हसतील म्हणून विचारलं नाही. काल नातीला विचारलं. पुस्तकात 'हरिता' म्हणतात म्हणाली. मघाशी वर, पहिल्या ओळीत, तेच लिहिलं होतं. मग खोडलं, आणि पाचीच लिहिलं.