हेळव्याच्या तोंडची नावं

२२ ऑगस्ट १९८२, लातूर

जिल्हा झाला! गंजगोलाईत भाषण दिलं. लोक टँकरची रांग सोडून ऐकत उभे. "बाईला माइक लागत न्हाई," कुणीतरी म्हणालं. खोलीवर आले, कुलूप काढलं. कसं झालं म्हणून विचारायला कोणी नाही.

नव्या जिल्ह्याच्या स्मरणिकेत आमच्या रेणापूरच्या पाटील घराण्याची वंशावळ छापायची आहे. थोरल्या भावाने, मन्मथदादाने, काम माझ्यावर ढकललं. कागद पणजोबांपाशी संपतात. त्यामागचं सगळं हेळव्याला पाठ.

२९ ऑगस्ट, रेणापूर

शरणप्पा हेळवी आला — बैलावर बसून घरोघर वंश सांगत फिरणारा. बैलाच्या बरगड्या दिसतात. चारा आहे कुठे? ओसरीवर बसून सगळ्या पिढ्या एका दमात म्हटल्या. सगळे बाप्ये! दादाच्या नावाशी आवाज उतरला — "मन्मथप्पापुढं दिवा विझला." दादाला एकच लेक, महानंदा. लेक मोजत नाहीत.

मी उसळले. आठशे वर्षांपूर्वी अनुभवमंटपाच्या धर्मसभेत बायका पुरुषांच्या बरोबरीने बसल्या, आणि पाटलाच्या ओसरीवर त्यांचं नाव घेता येत नाही? माझं घ्या, महानंदाचं घ्या!

दादा म्हणाला, "लेकीचं नाव सासरी घेतात. तू सासर दाखव, उमे, हेळवी मी धाडतो." गडी हसले.

३ सप्टेंबर, लातूर

आभाळ कोरडं. दिवसभर कुणाशी बोलले नाही. मी!

८ सप्टेंबर

जिंकले. लेकींची नावं घ्यायला दादाने होकार कळवला. शरणप्पा वाट वाकडी करून खोलीवर सांगायला आला — आणि दारातच घुटमळला. लेकी मोजायच्या तर दादापुढं महानंदा येते. त्याचा दिवा लागला. पण माझ्या नावापुढं? रीतीने तेच शब्द येणार. "काय म्हणू, अक्का? तुम्ही सांगाल तसं."

म्हटलं, विझला म्हणा! लग्न केलं नाही ते समजून उमजून.

तो गेल्यावर चूल पेटवली नाही.

१२ सप्टेंबर, रेणापूर

भरल्या ओसरीवर शरणप्पा आमच्या वडिलांच्या नावाशी आला, म्हणाला, "रेवणप्पाची उमादेवी. उमादेवीपुढं—" आणि अडला.

दादा खाली बघत होता. तसाच म्हणाला, "उमादेवीची महानंदा म्हण."

"मग तुमच्यापुढं, मालक?"

"माझ्यापुढं म्हणत आलास तेच."