दक्षिणेकडे तोंड केलेले सोफे

नारायणगुडा, हैदराबाद
८ ऑक्टोबर १९९५

ती. विकासदादास,
सुजाताचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे थंडी पडायच्या आधीच कुरकुरायला लागलेत. बाबांची साखर ताब्यात आहे, जीभ नाही. पुण्याची थंडी तुला मानवते का? राखीबरोबरचं पत्र पोचलं असेल असं धरून चालते, कारण उत्तर न देण्याची तुझी रीत मला माहीत आहे.

बातमी अशी, की आपली खानावळ आता खानावळ राहिली नाही. दिवाळीच्या पाडव्याला तिचं रेस्टॉरंट होणार. समोर दोन चायनीज हॉटेलं उघडली आणि आपल्याकडे फक्त म्हातारे मेंबर उरले. शेवटी बाबाच म्हणाले, "इंटिरियर का काय ते शिकलीस ना? कर मग." माझं पहिलं काम, आणि गिऱ्हाईक कोण, तर आपले बाबा, खुद्द हिम्मतराव! वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये.

पंगती गेल्या, टेबलं आली. खिडक्यांपाशी समोरासमोर रेक्झिनचे सोफे, अगदी इंग्रजी थाटाचे. वर लाल कागदी कंदील, मध्ये चिनी पद्धतीची लाकडी जाळी. जाळीसाठी आपले सागवानी पाटच कापले, त्यामुळे नीट पाहिलं तर चिनी नक्षीत आपली पितळी फुलं दिसतात. बेसिन मी मागे लपवलं होतं. बाबांनी ते दारात आणायला लावलं. "आधी हात, मग तुमचं काँटिनेंटल."

परवा ते सगळं बघायला आले. खिडकीपाशी थांबले आणि म्हणाले, "या सोफ्यांची तोंडं कुठे?"

एका बाजूचे सहाही सोफे दक्षिणेकडे! नकाशा काढताना मी उजेड पाहिला, रस्ता पाहिला, दिशा पाहिलीच नाही. बाप हयात असलेल्याने दक्षिणेला तोंड करून जेवू नये, हे आपल्या घरात बाराखडीच्या आधी शिकवतात. आणि ही चूक करावी मी! युसुफ मिस्त्रींना म्हटलं, फिरवा. त्यांनी कपाळाला हात लावला. "कल हौ बोले, आज नक्को बोल रैं. फर्श में बोल्ट मार दिया मैं, बाई." म्हणजे सोफे जमिनीत पक्के बसले, आता हलायचे नाहीत.

दादा, सहा वर्षांपूर्वीची ती दुपार मला आज लिहावी लागते आहे. तू हीच टेबलं मागत होतास. बाबांनी उडवून लावलं, तसा तू पाट फिरवून, त्यांच्याकडे पाठ करून जेवायला बसलास. त्यांना फक्त तुझी पाठ दिसत होती. दिशा दाखवली मी. भात वाढताना त्यांच्या कानाशी म्हणाले, "बाबा, दादा दक्षिणेला तोंड करून बसलाय." दहावीतलं शहाणपण! बाबा भरल्या पानावरून उठले. "मी मेलोच आहे, तर मेलेल्याच्या घरात राहू नकोस," हे तू ऐकलंस आणि घर सोडलंस. माझं वाक्य ऐकलं नाहीस. तेव्हापासून दर राखीला ते लिहायचं ठरवते आणि आईच्या गुडघ्यांबद्दल लिहून मोकळी होते.

तू मुद्दाम तसा बसलास की नुसता रागाने पाट फिरवलास, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायची लाज वाटते.

परवा बाबा रागावले नाहीत. कोपऱ्यातल्या सोफ्यावर स्वतः जाऊन बसले, दक्षिणेकडे तोंड करून. "माझा बाप जाऊन तीस वर्षं झाली. मला इथे चालतं. बाकीच्यांनी आपापलं बघावं." मग समोरच्या रिकाम्या सोफ्याकडे बघू लागले.

"पंगतीत तो नेहमी माझ्या शेजारी असायचा," ते म्हणाले. "जेवताना त्याचं तोंड मी कधी पाहिलंच नाही. समोरच्या जागेचं तोंड उत्तरेकडे ना?"

मी हो म्हटलं.

"मग बोलाव त्याला."

तेव्हाही मी त्यांना सांगितलं नाही, की दिशा मी पाहिली, तू कदाचित नुसता पाट फिरवलास. तू आलास की तुझ्यासमोरच त्यांना सगळं सांगेन. पाडव्याला ते टेबल दुसऱ्या कुणाला देणार नाही. माझ्यावर रागव, हवं तेवढं रागव, पण तिथे बसून रागव.

तुझी चहाडखोर बहीण,
सुजाता