पकडायचं नाही

४ मे, रविवार
शहागंजच्या गेमिंग पार्लरमध्ये आज पुन्हा पहिला आलो. फायटिंग गेममध्ये मराठवाड्यात माझ्या तोडीचं कोणी उरलं नाही. (सिरियसली खेळणारे आम्ही चौघंच, पण तो काही माझा दोष नाही.) जूनमध्ये पुण्याला मोठी टुर्नामेंट आहे. बाबांशी करार झाला. पहिल्या आठात आलो तर वर्षभर पुण्यात राहून खेळायचं, नाहीतर १ जुलैपासून वाळूजच्या कंपनीत, स्टोअर्सला. या गावात माझा जीव गुदमरतो. उद्यापासून सकाळी सहाला उठून प्रॅक्टिस.

५ मे
साडेदहाला उठलो. झोपेनं रिफ्लेक्स सुधारतात.

११ मे, रविवार
आमच्या चौघांतल्या धम्मपालशी वाद. समोरचा नुसता ब्लॉक करत बसला की जवळ जाऊन त्याला पकडून आपटता येतं. गेममध्ये तशी सोय आहे, पण आमच्याकडं बंदी. मीच घातली. पकडापकडी हा काही खेळ नव्हे. (तेव्हा धम्मपाल मला रोज पकडून हरवत होता, हा योगायोग.) आज म्हणाला, श्रीरंगभाऊ, पुण्याचे लोक पकडणारच की, सुटायचं शिकून घे, लई कामाला येईल. श्रेया म्हणाली, व्हय, बरोबर बोलतोय. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. ग्रुपचा अध्यक्ष मी आहे.

२३ मे
प्रॅक्टिस जोरात. शिवम घाबरला की उडी मारतो. श्रेया मारत नाही, वाट बघते. त्यांनी बटण दाबायच्या आधीच मला कळतं. याला म्हणतात गेम वाचणं. धम्मपाल हल्ली येत नाही. घरी बसून ऑनलाइन परक्या लोकांशी खेळतो म्हणे. घाबरला असावा.

६ जून
आईनं कंपनीसाठी दोन शर्ट आणले. मी घालून पाहणार नाही. एक पाहिला. खांद्यात बसतो.

१५ जून, पुणे
पहिलीच मॅच. समोर एक टक्कल पडलेले, अत्यंत सभ्य गृहस्थ. मी ब्लॉक केलं, त्यांनी पकडून आपटलं. पुन्हा ब्लॉक, पुन्हा आपटलं. शेवटी त्यांनीच हळू आवाजात विचारलं, कंट्रोलर बिघडलाय का? मी हो म्हणालो. त्यांनी स्वतःकडचा जादाचा दिला. तोही बिघडलेला निघाला.
धम्मपाल सहावा आला.

१८ जून
पुण्यातल्या खेळाचा दर्जा घसरलाय. धम्मपालला तिथल्या एका टीमनं घेतलं, यावरून काय ते समजावं. इकडं शिवम आणि श्रेयानं मतदान घेऊन बंदी उठवली. दोन विरुद्ध एक. मग दोघांनी संध्याकाळभर मला आळीपाळीनं पकडलं.

२९ जून, रविवार
जेवताना बाबा म्हणाले, करार राहू दे. तुझं इथं मन लागत नाही, दिसतंय मला. धम्मपालचा फोन होता, त्याच्या खोलीत एकाची जागा आहे म्हणतो. जा, वर्षभर खेळ.
आई वाढायची थांबली.
मी म्हटलं, असं कसं, कंपनीला शब्द दिलाय आपण.
बाबांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की.
एकदम हलकं वाटलं, आणखी एक पोळी मागून घेतली. मग बाथरूमचा नळ सोडून थोडा रडलो. कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावरच थांबते म्हणे. त्यामानानं पुणं फारच लांब पडलं असतं.