शिजलेलं टाकू नये

२ फेब्रुवारी, सोमवार
जिन्यात नोटीस! 'मागच्या अंगणातले खताचे ड्रम दुर्गंधीमुळे रविवारच्या सभेनंतर हटवले जातील.' खाली सेक्रेटरीची सही, ही एवढी मोठी. हटवून तर दाखव म्हणावं.

सहा वर्षं झाली. रंगाचे रिकामे ड्रम यांनी कामावरून आणले, भोकं मी पाडली. चौदा घरांच्या साली, देठं, चहाचा चोथा त्यात जातो, वर सुताराकडचा फुकटचा भुसा. त्याच खतावर चौदा घरांच्या खिडक्यांत टोमॅटो लागतात. सेक्रेटरीच्यासुद्धा!

पण इथे खोटं कशाला लिहू — वास येतोय. तीन आठवडे झाले.

३ फेब्रुवारी
तिसरा ड्रम उपसला. सापडलं! भात, तिरप्या चिरलेल्या शेंगांची भाजी, अख्खं उकडलेलं अंडं. आणि समोरच यांनी रंगवलेली पाटी: 'शिजलेलं अन्न टाकू नये.' पाट्या रंगवण्यात यांचा जन्म गेला, अक्षर रस्त्यापलीकडून वाचता येतं. म्हणजे हे मुद्दाम चाललंय. कोणाचं काम ते सांगायला ज्योतिषी नको.

४ फेब्रुवारी
वरची शिंपीणबाई म्हणते, "जाऊ द्या ना ताई, एका इमारतीत राहायचंय." नाही जाऊ देणार. सभेत सेक्रेटरीचं नाव घेणार, सगळ्यांदेखत.

जेवताना यांना सांगितलं. "नाव कशाला घ्यायचं?" म्हणाले आणि पाणी पीत बसले. नेहमीचंच पडखाऊ धोरण! ताट अर्ध्यावर सोडून हे उठले. दुपारचा डबा चाटूनपुसून येतो, म्हणून मी मागे लागत नाही.

५ फेब्रुवारी
आज पुन्हा भात. वर गाजर.

६ फेब्रुवारी
सेक्रेटरी फाटकापाशी भेटला. "काकू, आता आराम करा, कशाला या घाणीत हात घालता?" म्हटलं, "तुमच्या टोमॅटोंना विचारून सांगते." नाक मुरडून गेला. उद्या संध्याकाळी जिन्याखालच्या खिडकीत बसणार. चोर रंगेहाथ पकडते की नाही बघ!

७ फेब्रुवारी, शनिवार
पकडला.

साडेसहाला यांची सायकल आली. भिंतीला टेकवली. हँडलचा डबा काढून तिसऱ्या ड्रममध्ये पालथा केला, चमच्याने कडा खरवडल्या, वर नीट भुसा पसरला. तिरप्या शेंगा माझ्याच हातच्या! मी चोर शोधत होते, शेंगांकडे कुठे बघितलं.

"माझ्या हातचं नको होतं तर तोंडाने सांगायचं!" मी ओरडलेच. हे म्हणाले, "कचऱ्यात टाकवेना गं. उद्याची सभा होऊ दे, मग सांगतो." मी तोंड फिरवलं. ताट वाढून ठेवलं आणि आत निघून गेले.

८ फेब्रुवारी, रविवार
सभेत उभी राहिले. म्हटलं, वास माझ्या घरातून आलाय, माफी मागते, पण ड्रम हलू देणार नाही. सगळ्यांत आधी शिंपीणबाईचा हात वर. मग नऊ हात. ड्रम राहिले!

जिना चढताना यांनी सांगितलं. महिना झाला, घास घशाखाली उतरत नाही. माझी लढाई चालू होती म्हणून हे सांगायचे थांबले होते. उद्या नऊ वाजता डॉक्टरकडे. डबा भरायचा नाही.